टार, झिप आणि देवनागरी नावांच्या फायली

मार्च संपला की ठाण्यात फायलींचे गठ्ठे हलू लागतात. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे हिशोब नौपाड्यातल्या ऑडिटरकडे जातात, कारण ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा उरकायची असते. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपची ड्रॉइंग्ज खाडीपलीकडे रबाळे-महापेला जातात. बहुतेक ठिकाणी हे काम फोल्डरवर राइट क्लिक करून, झिप बनवून भागवतात. शंभर-दोनशे फायली असतील तर भागतंही. पण फायली हजारांत गेल्या, नावं मराठीत असली आणि उघडणाऱ्याचं मशीन वेगळ्या जातीचं असलं की गठ्ठा अर्धवट सुटतो. तेव्हा टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलेलं बरं.

इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना कमांड आणि ऑप्शन रोमन अक्षरांत, वेगळं सांगितलं नसेल तर सगळी स्मॉल. फायलींची नावं मात्र खरोखर देवनागरीत असली तरी चालतात, आणि या लेखाचा मोठा भाग त्यांच्यावरच आहे.

टार हे फायलींचा गठ्ठा बांधणारं टूल १९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत आलं. काम होतं टेपवर फायली लिहिण्याचं, आणि ती सवय अजून गेलेली नाही. प्रत्येक फाइलीआधी ५१२ बाइटचं हेडर, आणि फाइलीचा मजकूरही ५१२ च्या पटीत भरून काढलेला. १०० बाइटची चिठ्ठी टारमध्ये १,०२४ बाइट खाते. टार स्वतः काहीही दाबत नाही, फक्त एकामागे एक रचतं. आकार कमी करणारा दुसराच कोणी असतो: जीझिप, एक्सझेड किंवा झेडस्टँडर्ड. दोघांची जोडी एका ओळीत अशी लागते:

टार -सीझेडएफ हिशोब-२०२४-२५.टार.जीझेड हिशोब-२०२४-२५

सी म्हणजे नवीन बनव, झेड म्हणजे जीझिपमधून जाऊ दे, एफ म्हणजे यापुढचा शब्द आर्काइव्हचं, म्हणजे गठ्ठ्याचं, नाव आहे. एफ शेवटीच हवा. -सीएफझेड असं लिहिलंत तर टारच्या लेखी आर्काइव्हचं नाव ‘झेड’ होतं. मग झेड नावाची, न दाबलेली फाइल तयार होते आणि ‘हिशोब-२०२४-२५.टार.जीझेड सापडत नाही’ अशी तक्रार येते. त्या नावाची जुनी फाइल आधीच पडलेली असेल तर तक्रारही येत नाही, ती फाइलच मुकाट्याने गठ्ठ्यात जाते.

याहून वाईट प्रकार म्हणजे आर्काइव्हचं नावच विसरणं. -सीझेडएफ लिहून पुढे थेट तारांकन दिलं, तर शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, त्या तारांकनाच्या जागी फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची नावं घालतं. त्यातलं पहिलं नाव आर्काइव्हचं ठरतं आणि ती फाइल पुसून तिच्यावर गठ्ठा लिहिला जातो. टार ‘खात्री आहे का’ असं विचारत नाही. उलट फायलींची नावंच दिली नाहीत, तर रिकामं आर्काइव्ह बनवायला आपण भित्रेपणाने नकार देतोय असं ग्नू टार (लिनक्सवरचं नेहमीचं टार) इंग्रजीत कबूल करतं. जिथे खरं भ्यायला हवं तिथे मात्र ते बिनधास्त असतं.

पूर्ण पाथ, म्हणजे मुळापासूनचा फोल्डरांचा पत्ता, देणं टाळा. /होम पासून सुरू होणारा पाथ दिला तर ग्नू टार सुरुवातीची तिरकी रेघ काढून टाकतं आणि तसं सांगतं. पण बाकीची फोल्डरांची उतरंड तशीच आत जाते, आणि ऑडिटरला हिशोबापर्यंत पोचायला चार फोल्डर उघडावे लागतात. त्यासाठी कॅपिटल सी आहे, ‘आधी त्या फोल्डरमध्ये जा’ असं सांगणारा:

टार -सीझेडएफ /बॅकअप/हिशोब.टार.जीझेड -सी /डेटा/सोसायटी हिशोब-२०२४-२५

यातला दुसरा सी कॅपिटल. नको त्या फायली वगळायच्या असतील तर --एक्सक्लूड='*.टीएमपी' फोल्डरच्या नावाआधी घाला, आणि अवतरणचिन्हं विसरू नका. ती नसली तर तारांकन टारपर्यंत पोचण्याआधीच शेल त्याचा अर्थ लावून मोकळं होतं.

गठ्ठा बांधताना फाइल वापरात असेल तर ‘वाचत असताना फाइल बदलली’ असा इशारा येतो आणि टारचा एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना दिलेला निकालाचा आकडा, १ होतो. गंभीर चुकीला तो २ असतो. स्क्रिप्टमध्ये १ कडे काणाडोळा करण्याची पद्धत आहे. लॉग फायलींसाठी ते ठीक. टॅलीच्या डेटासाठी किंवा चालू डेटाबेससाठी अजिबात नाही, कारण अर्धी आधीची आणि अर्धी नंतरची फाइल उघडली तरी तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. आधी टॅली सगळ्या मशीनवर बंद करा, मग बांधा.

आता मराठी नावं.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ या नावात ३० चिन्हं आणि ३ रिकाम्या जागा आहेत: ९३ बाइट. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजची एनटीएफएस बाइट मोजत नाही, १६ बिटांचे एकक मोजते, आणि देवनागरीचं एक चिन्ह तिथे एकच एकक असतं. तिथे २५५ चिन्हं बसतात. त्यामुळे ‘सभेची सूचना, विषयपत्रिका आणि मागील सभेच्या इतिवृत्ताला मंजुरी’ छापाची, पण आणखी लांबत ८५ चिन्हांपलीकडे गेलेली नावं विंडोजवर आनंदाने नांदतात आणि लिनक्स सर्व्हरवर सोडताना ‘नाव फार लांब’ म्हणून नेमक्या त्याच फायली गळतात. बाकीच्या हजार फायली नीट सुटलेल्या असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नाव ६० चिन्हांच्या आत ठेवा, वर्ष आणि महिना आकड्यात लिहा.

टारची जुनी यूस्टार रचना आणखी कंजूष आहे: फाइलीच्या नावाला १०० बाइट आणि फोल्डरच्या पाथला आणखी १५५. वरचं ९३ बाइटचं नाव पीडीएफच्या शेपटीसकट ९७ होतं, म्हणजे काठावर पास. ग्नू टार आणि नवी पॅक्स रचना लांब नावांसाठी वेगळी नोंद करतात, त्यामुळे आजच्या मशीनवर अडचण येत नाही. एखाद्या जुन्या उपकरणासाठी गठ्ठा बांधत असाल तरच हे बघायचं.

टारला नावाच्या लिपीशी देणंघेणं नाही, ते बाइट जसेच्या तसे ठेवतं. तरी यादी बघताना घोळ दिसतो. एसएसएचने (टर्मिनलमधून दूरच्या मशीनवर) सर्व्हरवर गेलात आणि तिथे लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, बसवलेली नसली, तर टार -टीएफ चालवल्यावर ‘ह’च्या जागी \३४०\२४४\२७१ असे अष्टमान आकडे दिसतात. घाबरू नका, गठ्ठ्यातलं नाव शाबूत आहे, फक्त दाखवण्याची पद्धत तशी आहे. --कोटिंग-स्टाइल=लिटरल जोडा, किंवा एलसी_ऑल हे व्हेरिएबल सी.यूटीएफ-८ करून (दोन्ही कॅपिटल अक्षरांत) पुन्हा चालवा.

झिपचं दुखणं खरं आहे. १९८९ मध्ये फिल कॅट्झने पीकेझिप काढलं तेव्हा नावं डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजात, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, लिहायची असं ठरलं. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारा बिट, शून्यापासून मोजला तर अकरावा, झिपच्या नियमावलीत आला २००६ साली. हा बिट न लावता कोणी देवनागरी नाव लिहिलं की वाचणारा ते ४३७ समजून वाचतो. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी ग्रीक अल्फा आणि त्याला चिकटून डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला बाइट ४३७ मध्ये अल्फा असतो आणि दुसरा तो एन, कधी स्मॉल तर कधी कॅपिटल.

अल्फा दिसला तर काम होतं, कारण बाइट शाबूत आहेत, चुकलंय ते फक्त वाचन. सेव्हन-झिपला कोडपेज सांगून सोडा:

७झेड एक्स -एमसीपी=६५००१ इतिवृत्त.झिप

६५००१ हा विंडोजमध्ये यूटीएफ-८चा क्रमांक. डेबियन आणि उबुंटूच्या अनझिपमध्ये हेच काम कॅपिटल ओ करतो: अनझिप -ओ यूटीएफ-८ इतिवृत्त.झिप. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अधोरेषा दिसत असतील तर मात्र वेळ घालवू नका. नाव बनवतानाच गेलं आहे, पाठवणाऱ्याकडून नवा गठ्ठा मागवा.

मराठीपुरता एक खास खड्डा आहे, तो ‘ऱ’ या अक्षराचा. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कऱ्हाड’ अशा शब्दांतला हा ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो: एकच चिन्ह म्हणून, र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशी दोन चिन्हं म्हणून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक म्हणून. स्क्रीनवर तिन्ही सारखे, मशीनला तिन्ही वेगळे. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम पहिल्या तऱ्हेचं नाव स्वतःहून दुसऱ्या तऱ्हेत बदलून ठेवायची. असं मशीन गठ्ठ्याच्या प्रवासात कुठेतरी आलं, की एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या मजल्याची देयके’ नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसतात. नवी कोणती, ते फक्त तारीख सांगते. पहिल्या दोन तऱ्हा एक करायला कॉन्व्हएमव्ही हे छोटं टूल आहे:

कॉन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी फोल्डर

एवढं चालवल्यावर ते फक्त काय बदलेल ते दाखवतं. खरं बदलायचं तर --नोटेस्ट जोडायचं. न दिसणाऱ्या जोडकाला मात्र ते हात लावत नाही, ती नावं हातानेच बदलावी लागतात. गठ्ठ्यातून एकच फाइल काढायची असेल आणि तिच्या नावात ऱ असेल, तर नाव टाइप करण्याच्या फंदात पडू नये. यादीतून कॉपी करून पेस्ट करावं.

दाबायला काय वापरायचं यावर लोक फार वाद घालतात, खरं तर निर्णय आत काय आहे त्यावर ठरतो. स्कॅन केलेल्या पीडीएफ, जेपीईजी, व्हिडिओ हे आधीच दाबलेले असतात. डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स तर मुळातच झिप असतात, शेपूट बदलून उघडून बघा. अशा फोल्डरवर कुठलंही टूल तासभर चालवलं तरी हाती काही लागत नाही, तिथे नुसतं -सीएफ पुरे. सीएसव्ही, लॉग, डेटाबेसचा डंप, ऑटोकॅडच्या डीएक्सएफ फायली यांवर मात्र फरक डोळ्यांत भरतो.

जीझिप ३२ केबीच्या खिडकीतूनच मागे पाहतं. बारा महिन्यांच्या बारा फोल्डरांत २ एमबीचं तेच परिपत्रक ठेवलं असेल, तर जीझिप ते बाराही वेळा पूर्ण साठवतं, कारण आधीची प्रत खिडकीच्या केव्हाच बाहेर गेलेली असते. एक्सझेडची नेहमीची पातळी ६, तिची खिडकी ८ एमबी, आणि पातळी ९ ची ६४ एमबी. दोन प्रतींमधलं अंतर त्यात बसलं तर दुसरी प्रत जवळजवळ फुकट जाते. पण पातळी ९ बांधताना सुमारे ६७४ एमबी मेमरी खाते आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वाढवले की तीही त्या पटीत वाढते. चार जीबीच्या मशीनवर -टी० (टी कॅपिटल, म्हणजे सगळे प्रोसेसर कामाला लाव) सोबत ९ लावलंत तर मशीन गुदमरू शकतं. सोडायला मात्र ६५ एमबी पुरते. टारमध्ये एक्सझेडसाठी झेडच्या जागी कॅपिटल जे लिहायचा. स्मॉल जे म्हणजे बीझिप-२, आणि आज नव्याने ते निवडण्याचं कारण मला दिसत नाही. एक्सझेडची आवृत्ती तपासा: ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातला होता, तो २९ मार्च २०२४ रोजी उघड झाला.

माझी पसंती झेडस्टँडर्डला, २०१६ साली फेसबुकमधून आलेल्या. नेहमीच्या पातळीवर ते वेगात जीझिपला मागे टाकतं आणि लांब खिडकीही देतं:

टार -आय 'झेडएसटीडी -१९ -टी० --लाँग=२७' -सीएफ हिशोब.टार.झेडएसटी हिशोब

इथे आय आणि टी कॅपिटल. २७ म्हणजे १२८ एमबीची खिडकी. याच्या वर जाऊ नका, कारण २७ पर्यंतचा गठ्ठा समोरच्याकडे मुकाट सुटतो, त्यापुढे त्यालाही सोडताना तोच ऑप्शन द्यावा लागतो आणि फोन तुम्हालाच येतो. समोर विंडोजवाला असेल तर हे सगळं सोडून जीझिप किंवा झिप द्या. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून कमांड प्रॉम्प्टमध्ये टार आहेच, वेगळं काही बसवावं लागत नाही. तेच टार झिपही उघडतं, आणि टार -ए -सीएफ हिशोब.झिप हिशोब असं लिहिलं तर नावाची शेपटी बघून झिप बनवतं. लिनक्सवरच्या झिप कमांडमध्ये -आर विसरलात तर आत फक्त रिकामा फोल्डर जातो. एक केबीसुद्धा नसलेलं ‘वर्षाचं आर्काइव्ह’ आलं, की समजायचं -आर राहिला.

सोडण्याआधी यादी बघा, टार -टीएफ. आतल्या सगळ्या फायली एका फोल्डरखाली आहेत की सुट्या, हे दोन सेकंदांत कळतं. सुट्या असतील आणि तुम्ही डेस्कटॉपवर सोडलंत, तर दोन हजार फायली तुमच्या फायलींत मिसळतात. टार त्याच नावाची जुनी फाइल न विचारता बदलतं. म्हणून आधी नवा रिकामा फोल्डर, मग:

टार -एक्सएफ हिशोब.टार.जीझेड -सी नवा-फोल्डर

सी पुन्हा कॅपिटल. सोडताना झेड-जे काही लिहायची गरज नसते, ग्नू टार फाइल बघून ओळखतं. पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या कमांडकडून थेट, येणारा गठ्ठा मात्र त्याला ओळखता येत नाही, तिथे ऑप्शन द्यावाच लागतो. जुन्या फायलींना धक्का लागू नये असं वाटत असेल तर -के. सेव्हन-झिपमध्ये एक्स आणि ई यांत गल्लत करू नका. एक्स फोल्डरांची रचना जपतो, ई सगळं एकाच जागी ओततो, आणि बारा महिन्यांच्या फोल्डरांतल्या ‘पावती-१’ नावाच्या बारा फायली एकमेकींवर आपटतात.

सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, टार सोडलं की फायलींची मालकी गठ्ठ्यातल्या नोंदीप्रमाणे लागते. ठाण्याच्या मशीनवरचा माणूस ऐरोलीच्या सर्व्हरवर नसेल, तर त्याच्या क्रमांकाचा तिथला भलताच कोणी मालक होतो. --नो-सेम-ओनर दिलं की हे टळतं.

अर्धवट उतरलेल्या गठ्ठ्याचं काय करायचं हे त्याच्या जातीवर आहे. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, शेपूट तुटलं की पूर्ण फाइलच ‘झिप नाही’ ठरते. झिप -एफएफ, दोन्ही कॅपिटल, आणि --आउट देऊन नवं नाव दिलं, तर ते काही फायली वाचवतं. टार.जीझेडला अनुक्रमणिका नसतेच. त्यामुळे तुटेपर्यंतचं सगळं सरळ सुटतं आणि मग ‘अचानक फाइल संपली’ असा संदेश येतो. तोटा असा की ४० जीबीच्या टार.जीझेडमधून शेवटची एक पावती काढायलाही आधीचं सगळं वाचावं लागतं. पाठवण्याआधी जीझिप -टी चालवा, आणि ग्नू टार असेल तर टार -डीएफ, ते गठ्ठा आणि डिस्कवरच्या फायली ताडून फरक सांगतं. सोबत शा२५६सम या कमांडने काढलेला फाइलीचा पडताळा-आकडा पाठवा. विंडोजवाला तो सर्टयुटिल -हॅशफाइल नाव शा२५६ असं लिहून जुळवू शकतो.

पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. स्प्लिट -बी २०००एम (एम कॅपिटल), पुढे गठ्ठ्याचं नाव आणि तुकड्यांसाठी उपसर्ग, एवढ्यात तुकडे होतात. लिनक्सवर कॅटने जोडा, विंडोजवर कॉपी /बी ने. /बी विसरलात तर कॉपी मजकुराची फाइल समजून मध्येच थांबते.

सभासदांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील असलेला गठ्ठा झिप -ई ने कुलूपबंद करू नका. ती जुनी पद्धत १९९४ मध्येच फोडली गेली आहे. आतल्या एखाद्या फाइलीचा काही भाग आधीच माहीत असेल, आणि सोसायटीचं छापील लेटरहेड कोणालाही मिळतं, तर किल्ली काढता येते. सेव्हन-झिप वापरा:

७झेड ए -एमएचई=ऑन -पी सभासद.७झेड सभासद

-एमएचईमुळे फायलींची नावंही झाकली जातात, नाहीतर पासवर्ड नसतानाही ‘थकबाकीदार’ ही यादी कोणालाही दिसते. -पी ला चिकटवून पासवर्ड लिहू नका, तो शेलच्या इतिहासात राहतो. नुसतं -पी दिलं की तो विचारून घेतो. आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिण्यापेक्षा ऑडिटरला फोनवर सांगा.